घरात किती माणसं?

चार महिने मी फोडणीला दोष दिला.

लातूरला मी मुलींची मेस चालवते. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेल्या मुली. काही डबा नेतात, काही आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून जेवतात. दिवसातून दोनदा लसूण-मिरचीची फोडणी पडते, तेव्हा खोकला येणारच. माझ्याबरोबर पोळ्या लाटणारी शहनाज खोकायची, मुलीही नाकाला ओढणी लावायच्या. फरक एवढाच की फोडणी निवली तरी माझा खोकला थांबत नव्हता.

जवळच्या डॉक्टरांनी आधी बाटली दिली, मग दुसरी बाटली दिली, मग ॲलर्जी आहे म्हणाले. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तेव्हा आमचे मालक मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मालक दाळमिलमध्ये मशीनवर आहेत. बोलतात कमी. वाटेत एकच म्हणाले, ‘‘तिथं काय सांगतील ते नीट ऐकून घे. आन् कुणाला काय सांगू नको.’’

बेडका तपासायला दोन डब्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीत बोलावलं. डॉक्टर मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या असतील. माझी लेक उदगीरला दिली आहे. मॅडमनी मास्क घातला होता, म्हणून चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता येईना. तिथूनच माझा संशय सुरू झाला.

‘‘टीबी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि साधा नाही. नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही असा आहे. पण घाबरू नका. आता नवीन औषधं आलीत. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. इंजेक्शन एकही नाही.’’

घाबरू नका म्हणाल्या, म्हणून मी घाबरले. आणि सहा महिने म्हणाल्या, त्याची मला त्याहून जास्त भीती वाटली.

दादा

त्याचं कारण माझा थोरला भाऊ. दादा हिमायतनगरला कपडे शिवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याला हाच बिघडलेला टीबी झाला होता. कित्येक महिने रोज एक इंजेक्शन आणि सगळी मिळून दोन वर्षं गोळ्या. बसायची जागा राहिली नव्हती, आई गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची. दादा वाचला, पण त्याचे कान गेले. आता गिऱ्हाईक पाटीवर लिहून देतं, तो वाचतो आणि माप घेतो.

ज्या आजारानं माझ्या भावाची दोन वर्षं आणि दोन्ही कान घेतले, तो आजार माझ्या बाबतीत सहा महिन्यांत, एक सुईही न टोचता, कसा काय जाणार? मालक म्हणतात, तुरीच्या पोत्यात वर चांगली तूर दिसली की हात खाली घालून बघावा. मी तेच करत होते.

मॅडमनी एक कागद पुढं केला. सगळे त्रास त्यात लिहिलेत, वाचून सही करा म्हणाल्या.

‘‘आमच्यावर प्रयोग करून राहिलात का, मॅडम?’’

मागं रांग होती. त्यांनी पेन खाली ठेवला. ‘‘नाही. प्रयोग आधी झाले. आता हे औषध सगळीकडं देतात.’’

‘‘मग सही कशाला?’’

‘‘काय त्रास होऊ शकतो ते मी तुम्हाला सांगितलं, याची नोंद राहावी म्हणून.’’

‘‘म्हणजे काही झालं तर तुमची मान सुटली.’’

‘‘तसं समजा हवं तर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण घरी नेऊन वाचा. घाई नाही. उद्या या.’’

मी कागद घरी नेला आणि वाचला नाही. वाचला तर सही होणार नाही हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सही केली. मग त्या फॉर्म भरायला लागल्या.

‘‘घरात किती माणसं?’’

‘‘दोघं.’’

‘‘आणखी कुणी रोज येतं-जातं? तुम्ही काय काम करता?’’

‘‘काही नाही. घरीच असते.’’

मालक भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मेसमध्ये तेव्हा तेवीस मुली होत्या आणि शहनाज.

वॉर्ड

औषध सुरू करायच्या आधी रक्त, छातीची पट्टी, डोळे, सगळं तपासलं आणि काही दिवस भरती करून घेतलं. खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, खाटा लांब लांब. सकाळी चहा, मग गोळ्या, मग पुन्हा छातीला तारा लावून पट्टी काढायची. गोळ्यांनी काही होत नाही तर रोज काळीज कशाला तपासतात, हा माझा प्रश्न. मी तो कुणाला विचारला नाही, मनातच ठेवला.

प्रत्येक गोळी मी हातात घेऊन बघायची, वास घ्यायची, पाकिटामागची तारीख वाचायची. एक गोळी कागदात गुंडाळून मालकांकडे दिली, बाहेरच्या मेडिकलवर दाखवा म्हटलं. तो माणूस म्हणाला, ही गोळी आमच्याकडं येतच नाही. झालं! त्या रिकाम्या उत्तराचा अर्थ मी दोन दिवस लावत बसले.

एक सिस्टर होत्या, जाडजूड, दम लागायचा त्यांना चालताना. मी गोळ्या उलटसुलट करून बघते हे त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं आता ओरडणार. त्या माझ्या खाटेपासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘बघा, बघून घ्या. मी पण द्यायच्या आधी बघते.’’ त्यानंतर रोज त्या पाकीट माझ्यासमोर फोडायच्या. त्या वॉर्डात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते गोळीनं नव्हे, यानं.

त्याच आठवड्यात कागदात गुंडाळलेल्या त्या गोळीचा हिशेब लागला नाही म्हणून मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, खाली पडली. त्यांनी मास्कवरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं.

दमा

घरी आल्यावर मालकांनी शहनाजला सांगितलं, हिला दमा झालाय, धूर चालत नाही. मी मागच्या खोलीत झोपले आणि शहनाजनं स्वयंपाकघर हातात घेतलं.

शहनाज आमच्या गल्लीतच राहते. तिचे मालक रिक्षा चालवतात. सात वर्षं एका ओट्यावर आम्ही दोघींनी पोळ्या लाटल्या. पण दार लोटून पडून राहिलं की माणसाचं डोकं कुठंही जातं. पुढच्या खोलीत मुली हसल्या की मला वाटायचं, माझ्यावर हसल्या. कुणी आमटीला छान म्हटलं की वाटायचं, ही आता मेस घेणार. एकदा तिनं डाळीचा डबा फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवला, तर मी मनात म्हटलं, बघा, घर आपलं करून घेतलं.

आणि ती? ती दुपारी काम आटोपून माझ्या पलंगावर येऊन बसायची. ‘‘ताई, जरा खा की गं. लई उतरलीस.’’ माझे पाय चेपायची. मी मास्क लावायची, धुळीचा त्रास म्हणून. पण ‘लांब बस’ असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. या सबंध आजारपणात मला लाज वाटावी असं जे काही आहे, ते हे आहे.

असे तीन आठवडे गेले.

मग दादा आला. मालकांनीच त्याला मोबाईलवर लिहून कळवलं होतं. ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्यानं बोलतो. दारातूनच म्हणाला, ‘‘मंगल, कान वाजतात का तुझे?’’

मी धावत जाऊन दार लावलं. नशीब, शहनाज तेव्हा गिरणीत गेली होती. वहीच्या पानावर लिहिलं, ‘हळू बोल. इथं कुणाला माहीत नाही.’

त्यानं ते वाचलं. पान माझ्या हातात परत दिलं. मग आवाज जमेल तेवढा उतरवून विचारलं, ‘‘कुणाला म्हंजे? त्या पोरी जेवतात त्यांला?’’

मी मान हलवली.

‘‘ती पोळ्यावाली?’’

मी पुन्हा मान हलवली.

दादानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘‘औषधानं माझे कान गेले. औषध नसतं तर मीच गेलो असतो, हे मला कळतं. त्याचा राग न्हाई. पण मला कुणी सांगितलं न्हाई गं. कानात शिट्टी वाजायला लागली, मला वाटलं अशक्तपणा हाय. महिनाभर गप बसलो. कुणी आधी सांगितलं असतं, तर पहिल्या दिवशीच बोललो असतो. अर्धे तरी राहिले असते.’’ त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘‘तू त्या बाईला तसंच करून राहिलीस.’’

मग तो सहीचा कागद मागून घेऊन वाचायला बसला. एकेका ओळीवर बोट ठेवून मला मोठ्यानं वाचून दाखवला. काळजाचे ठोके, रक्त कमी होणं, नजर, पायाला मुंग्या. सगळं लिहिलेलं होतं. कान कुठंच नव्हते. तो शेवटपर्यंत दोनदा शोधून आला आणि म्हणाला, ‘‘कान न्हाईत.’’ त्याचे डोळे भरले होते.

सांगितलं

दुसऱ्या दिवशी सकाळी शहनाज कणीक मळत होती. मी मास्क लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

‘‘शहनाज, मला दमा नाही. टीबी आहे. बिघडलेला.’’

तिचा हात थांबला. ‘‘कधी कळलं?’’

‘‘महिना होत आला.’’

‘‘मी रोज तुझ्या पलंगावर बसले.’’

‘‘हो.’’

‘‘आन् तू बसू दिलंस.’’

तिनं हात धुतले, कणकेवर ताट झाकलं आणि गेली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी मुलींना मालकांनी सांगावं असं ठरलं होतं, पण त्यांना ते जमेना. अंगणात उभे राहून ते घसा साफ करत राहिले. शेवटी मीच सांगितलं. एक मुलगी पटकन म्हणाली, ‘‘काकू, तो हवेतून पसरतो ना? ताटातून नाही.’’ तिला बहुतेक मला धीर द्यायचा होता. बाकीच्या उठून हात धुवायला गेल्या. संध्याकाळपासून आयांचे फोन सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, आमच्या पोरीचं वर्ष वाया गेलं तर कोण भरून देणार? आठवड्यात सतरंजी गुंडाळून ठेवावी लागली.

मॅडमकडं जाऊन मी खरं सांगितलं. त्यांनी माझा फॉर्म काढला आणि दोनचा आकडा खोडला.

‘‘तुम्ही त्या दिवशी मला विचारलं होतंत, प्रयोग करता का म्हणून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत, ते चालतं. पण मी तुमच्या शब्दावर चालते. तेवीस मुलींची तपासणी एक महिना उशिरा होणार आता.’’

त्यांनी आवाज चढवला नाही. दवाखान्याची माणसं मुलींच्या खोल्यांवर जाऊन आली. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. मुली सगळ्या सुटल्या.

शहनाज सुटली नाही.

तिला खोकला होताच. तो आम्ही दोघींनीही फोडणीवर ढकलला होता. ‘माझ्याकडूनच लागला का?’ असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, आधीही लागला असेल. त्यांना सांगता येत नसेल. मला येत होतं.

चप्पल

तिलाही त्याच गोळ्या सुरू झाल्या. आमचे तपासणीचे दिवस बऱ्याचदा एकच यायचे. तिच्या मालकांची रिक्षा मी उभी असलेल्या स्टॉपवरून सरळ निघून जायची. आत ती मास्क लावून समोर बघत बसलेली. दवाखान्याच्या बाकड्यावर ती एका टोकाला, मी दुसऱ्या. बोललीच तर ‘मंगलबाई’ म्हणायची. ‘ताई’ गेलं ते गेलंच.

दोन-अडीच महिन्यांनी रिक्षा थांबली. शहनाज आतून म्हणाली, ‘‘बसा.’’ मी बसले.

तोवर माझं वजन वाढायला लागलं होतं, खोकला गेला होता, बेडक्यात जंतू दिसत नव्हते. औषध खरं होतं. तरी मला संशय घ्यायला नवीन जागा सापडली. पायांना मुंग्या यायच्या, मग तळवे जळायचे, मग बधिर व्हायला लागले. मॅडम प्रत्येक वेळी विचारायच्या, ‘‘पायाला काही?’’ मी प्रत्येक वेळी म्हणायची, ‘‘काही नाही.’’ मला पक्कं वाटत होतं, हो म्हटलं की या गोळ्या बंद करणार आणि दादाची ती इंजेक्शनं काढणार. कागदावर कानांचं नाव नाही खरं, पण कागद काय, बदलता येतो.

एकदा दवाखान्याच्या पायऱ्या चढून आम्ही आत गेलो. शहनाज मागं वळून पाहायला लागली. माझी एक चप्पल खालच्या पायरीवर पडली होती. मी तशीच चालत आले होते आणि मला कळलं नव्हतं.

तिनं जाऊन चप्पल उचलून आणली, माझ्या पायाशी ठेवली आणि माझ्याआधी मॅडमच्या खोलीत शिरली.

‘‘मॅडम, माझ्या पायाला मुंग्या येतात, ते मी मागंच सांगितलं. आता हिचे पाय बघा. हिला इचारू नका. ही सांगणारी बाई न्हाई.’’

मॅडमनी मला झोपवलं आणि तळव्याला टाचणी लावत गेल्या. बऱ्याच ठिकाणी मला काहीच लागलं नाही. त्यांनी टाचणी खाली ठेवली. मी विचारलं, ‘‘आता इंजेक्शन का?’’

‘‘कसलं इंजेक्शन? मी पहिल्या दिवसापासून नाही म्हणतेय.’’

‘‘मग गोळ्या बंद?’’

‘‘त्यातल्या एकाच गोळीचा डोस कमी करायचा. एवढंच. मागच्या महिन्यात सांगितलं असतं, तर तेव्हाच केला असता.’’

मला एकदम दादा आठवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तो गप्प राहिला. मला तर कागदावर लिहून दिलं होतं, वर दर वेळी तोंडानं विचारलं होतं, तरी मी गप्प राहिले.

बाहेर आल्यावर मी शहनाजला म्हटलं, ‘‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’’

‘‘तुझ्यासाठी न्हाई सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘तुझे पाय गेले तर मला वाटंल, माझी बददुआ लागली.’’ आणि मग चिडूनच, ‘‘मी दिली होती, मंगलबाई. लई दिली होती.’’

ते देणं माझ्या वाट्याचं होतं.

आता

सहा महिन्यांनी माझं औषध संपलं. तिचं त्यानंतर काही आठवड्यांनी. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. मॅडम म्हणतात, जाणीव येईल हळूहळू, कदाचित येणारही नाही. त्या ‘कदाचित’ म्हणतात म्हणून मी त्यांचं ऐकते.

हे वाचणाऱ्या एखादीला हा आजार झाला असेल तर संशय सोड असं मी म्हणणार नाही. मला ते जमलं नाही, तिलाही जमणार नाही. गोळी नवीन आहे, कागद लांबलचक आहे, मास्कमागचा चेहरा दिसत नाही. संशय येणारच. तो तोंडानं विचारून टाक, एवढंच. मूर्ख प्रश्न असला तरी विचार. आणि तुला जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे.

मेस पुन्हा सुरू झाली, सध्या नऊ मुली आहेत. शहनाज माझ्या ओट्यावर परत आली नाही. तिनं तिच्या घरून डबे सुरू केले. माझ्याकडच्या काही जुन्या मुली तिच्याकडे जातात. ज्याची मला भीती होती तेच झालं म्हणायचं. पण त्या मुलींना तिच्या हातची आमटी आवडायचीच, ते मी मागच्या खोलीतून ऐकलं होतं.

औषध संपलं तरी मधून मधून तपासणीला बोलावतात. तिच्या डब्यांची वेळ आणि दवाखान्याची वेळ एकच, म्हणून दोघींचे रिपोर्ट मीच आणते. मी फोनवर सांगितलेल्या शब्दावर शहनाजनं कधी भरवसा ठेवला नाही. ‘‘फोटो पाठवा कागदाचा,’’ म्हणायची. फोटो आला की तिच्या भावाला दाखवायची, त्यानं वाचल्यावरच ‘बरं’ असं लिहायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. तिचा तो हक्क होता.

परवा रिपोर्ट घेतले आणि दवाखान्याच्या फाटकातून तिला फोन लावला. मागं तव्याचा आवाज येत होता.

‘‘थांब, फोटो काढून पाठवते,’’ मी म्हटलं.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘हात कणकेचे हायत माझे. तू सांग, काय आलं?’’

‘‘निगेटिव्ह.’’

‘‘दोघींचं?’’

‘‘दोघींचं.’’

तव्यावर पोळी पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि फोन ठेवला.